कप्तानाच्या मागे कुणीच नव्हतं

मुळशी
२० जुलै २०२५

‘उदक’ खेळणाऱ्या माझ्या तमाम भावांनो आणि बहिणींनो,

आपली फसवणूक झाली आहे. साधीसुधी नाही. आपल्या डोळ्यांदेखत आपल्यातलं एक लेकरू कुणीतरी उचलून नेलं आणि वर आपल्यालाच विचारतंय, कुठलं लेकरू?

तीन वर्षं आपण पडद्यावरच्या या खेळाला दिली. घरच्यांची बोलणी खाल्ली. बायकोनं विचारलं, बापानं विचारलं, ऑफिसातल्या साहेबानं विचारलं, काय आहे त्या पाण्यात? आपण छाती पुढे काढून सांगितलं, तिथं माणसं आहेत. परक्या ग्रहावर, समुद्राच्या तळाशी, काचेच्या घुमटांत राहणारी, पण माणसं. मारामारीचे खेळ बाजारात ढिगानं मिळतात. आपण इथं राहिलो ते कथेसाठी. मराठीत बोलणारा, मराठीत मरणारा कप्तान मेघश्याम आपल्याला दुसरीकडे कुठं मिळणार होता?

आणि काल पाचवं पर्व आलं. पहिल्याच दृश्यात घुमटाच्या नोंदी ठेवणारी म्हातारी दप्तरवाली आपल्याकडे बघून थंडपणे म्हणते, “कप्तानाच्या मागे कुणीच नव्हतं.”

कुणीच नव्हतं? मग ठिणगी कोण?

पहिल्या पर्वात कप्तानाच्या खांद्यावर बसून घुमटाचे दिवे मोजणारी पोर कोण होती? “पाच, सहा, आठ” असं मोजायची. कप्तान म्हणायचा, “सात कुठं गेला?” ती म्हणायची, “सातवा माझाय. तो मोजायचा नाही.” तिसऱ्या पर्वात त्यानं तिला शेवटच्या पाणबुडीतून उत्तरेच्या घुमटाकडे पाठवलं तेव्हा तुमच्यातला कोण रडला नाही? चौथ्या पर्वात घुमट फुटला. कप्तानानं दोन खेपा करून माणसं बाहेर काढली, तिसऱ्या खेपेला आत गेला आणि दार आतून लावून घेतलं. शेवटचा शब्द काय होता त्याचा? “सात.” आता सांगा, कुणीच नव्हतं म्हणून!

आमच्यातलेच काही हुशार लोक कंपनीची वकिली करू लागले आहेत. साहिल, म्हणजे लातूरकडून येऊन इथल्या जवळच्याच चांदे गावात खोली घेऊन राहिलेला आमचा इंजिनियर मित्र, म्हणतो की ठिणगी ही खरी मुलगी नव्हतीच. एकट्या कप्तानाचं डोकं ठिकाणावर राहावं म्हणून घुमटाच्या यंत्रानं दाखवलेली सावली होती. साहिलराव, सावली भाजीत मीठ कमी म्हणून रुसून बसते काय हो? दुसरं पर्व परत खेळा.

मी भरपूर वाचलंय. जगातल्या मोठमोठ्या लेखकांना चुका करताना पाहिलंय. दाढीवाला माणूस पुढच्या प्रकरणात बिनदाढीचा होतो, मे महिन्यात धुकं पडतं. अशा चुका माफ. पण बापाच्या तोंडचा शेवटचा शब्द खोटा ठरवणं ही चूक नव्हे, हा गुन्हा आहे. आणि आम्ही मुळशी तुकडीनं तर त्या कप्तानाला शब्द दिलेला आहे.

म्हणून, ठिणगी परत येईपर्यंत पाचव्या पर्वात कुणीही पाऊल टाकू नका. घुमट ओस पडू द्या.

तुमचा,
इंद्रजित
मुळशी तुकडी

ता.क. फक्त अपेक्षासाठी: अपे, हेच मी कंपनीच्या चर्चाफलकावर टाकलं होतं, अर्ध्या तासात उडवलं. म्हणून ओळखीच्या प्रत्येकाला मेल करतोय. तू चांद्याच्याच कुठल्याशा कंपनीत बँकांचं काहीतरी तपासतेस ना? ‘उदक’वालेही तिकडंच बसतात म्हणे. त्यांचा तो लेखक दिसला तर माझ्या वतीनं विचार, बाबा रे, तुला आई-बाप आहेत का?


भूगाव
२३ जुलै २०२५

इंद्रादादास नमस्कार.

तुझं पत्र आईला वाचून दाखवलं. अर्ध्यात तिनं विचारलं, “निवडणूक लागली का गं?” मी म्हटलं, नाही, दादाची एक मुलगी हरवलीय. ती म्हणाली, “त्याचं लग्न कधी झालं?”

तू चिडलास की छान लिहितोस. शाळेत वक्तृत्वाचे सगळे चषक तूच आणायचास आणि कपाट भरलं म्हणून काकू त्यात डाळ ठेवायची, ते आठवलं. पण दादा, एक विचारू? इतकं काय झालं? खेळ आहे. लिहिणाऱ्याच्या मनात आधी एक होतं, नंतर दुसरं आलं. माणसं विसरतात. खऱ्या माणसांना विसरतात, ही तर चित्रातली पोर. एका वाक्यानं आभाळ कोसळलं असं तू लिहिलंयस, पण बघ, इथं चांदणी चौकापर्यंत गाड्यांची रांग रोजच्यासारखीच लागलेली आहे.

आणि तो लेखक मूर्खच आहे हे तुला कसं माहीत? कदाचित त्याला त्या वाक्याशिवाय दुसरं सुचलं नसेल.

एक मात्र सांग. “कप्तानाला शब्द दिलाय” असं लिहिलंयस. मेलेल्या कप्तानाला शब्द कसा दिला? फेब्रुवारीत तू टक्कल केलेला फोटो पाठवला होतास, त्याचा याच्याशी काही संबंध आहे का? मी आपली समजत होते की उवा झाल्या.

पाऊस फार आहे का तिकडं? लावणी उरकली?

तुझी,
अपेक्षा


मुळशी
२७ जुलै २०२५

प्रिय अपेस आशीर्वाद.

लावणी उरकली. खालचं खाचर तेवढं राहिलंय. आणि हो, त्या टकलाचा संबंध आहे. तुला सांगितलं नव्हतं, कारण तू हसशील. आता हस.

चौथं पर्व संपलं, कप्तान गेला, तेव्हा आमच्या तुकडीतले बाराजण जेवले नाहीत. साहिल तर चांद्याहून थेट इथं आला. ठरलं असं, की धरणाच्या पाण्याकाठी जमायचं, पाण्यात दिवे सोडायचे, मी चार शब्द बोलायचे. दहाव्या दिवशी सकाळी आम्ही तिथं जमलो. माझे चार शब्द झाले. चाळीस मिनिटं झाली असतील. तेवढ्यात वरच्या वाटेनं आमचे आबा आले. तुला माहीतच आहे, गावात कुणाचाही दहावा असो, पिंडाचा भात आबाच शिजवतात.

म्हणाले, “कोन गेलं रं?”

मी म्हटलं, “आबा, खेळातला माणूस आहे. खरा नाही.”

“मग डोळं कशानं सुजलं ह्या पोरांचं?”

“वाईट वाटलं म्हणून.”

“दहावा केला का त्येचा?”

“आबा, तो खेळातला—”

“ऐकलं. रडताय खरं, मग भात बी खराच करा. ज्येला कुनी न्हाई त्येचं आपुन करायचं असतंय. आन् तुझं डोकं कोन भादरनार, त्यो कप्तान?”

आबांपुढं कुणाची मात्रा चालते? मी टक्कल केलं. आबांनी तीन दगडांची चूल मांडली, भात केला, पिंड ठेवला. आम्ही मागे सरून उभे राहिलो. कावळे समोरच्या उंबरावर होते. अपे, एकही हलला नाही!

मग आबा म्हणाले, “मेलेल्या मानसाची विच्छा ऱ्हायली आसंल. बोला, काय बोलायचं ते.” साहिल पुढं झाला, हात जोडून म्हणाला, “कप्तान, घुमट आम्ही पुन्हा बांधू.” काही नाही. वैष्णवी, म्हणजे पौडच्या बँकेत असते ती आमची नेमबाज, ती म्हणाली, “तुमचं जहाज आम्ही मोडीत काढू देणार नाही.” काही नाही. कुणी म्हणालं रोज खेळू, कुणी म्हणालं शत्रूला सोडणार नाही. उन्हं चढली. आबा दर्भ शोधायला लागले. कावळा नाहीच शिवला तर दर्भाचा कावळा करून पिंडाला टेकवतात, तसं करायला.

तेव्हा माझ्या तोंडून आपोआप निघालं, “कप्तान, ठिणगीची काळजी करू नका. आम्ही तिला शोधून काढू. ती एकटी नाही.”

शपथेवर सांगतो, शब्द पुरा व्हायच्या आत कावळा आला. एक नव्हे, तीन! भात उधळून खाल्ला. साहिल, जो विज्ञानाशिवाय दुसरं बोलत नाही, त्यानं कावळ्यांना हात जोडले. माझ्या अंगावर काटा आला तो अजून गेलेला नाही.

आबांनाही काहीतरी झालं. त्यांनी विचारलं, “कोन ही ठिनगी?” मी सांगितलं, कप्तानाची पोरगी, दिवे मोजायची, सातवा गाळायची. तर आबांच्या हातातला दर्भ खाली पडला. दिवसभर जेवले नाहीत. ऊन लागलं असणार, या वयात बिनटोपीचं कशाला बसायचं?

आता कळलं? मी मुलीचा शब्द दिलाय आणि कावळ्यानं तो घेतलाय. आणि ही कंपनी मला सांगते, मुलगी नव्हतीच! मग तो कावळा कुणासाठी आला होता?

तुझा,
इंद्रादादा


भूगाव
२ ऑगस्ट २०२५

दादा,

मी हसले नाही.

कावळा खरंच आला? मुलीचं नाव घेतल्यावर? तू भाषणाच्या भरात काही वाढवून तर सांगत नाहीयेस ना? वाढवलं असशील तर आत्ताच सांग.

नसशील, तर मला एक हवंय. माझ्या बाबांच्या दहाव्याला तू होतास. तेव्हाही कावळा आला नव्हता. त्या दिवशी बाबांना कोणी काय काय शब्द दिले, ते तुझ्या आबांना, आमच्या कुशाबाकाकांना विचार. एकेक विचार. आणि मला जसंच्या तसं लिही. तुझी उपमा-अलंकाराची भर नको.

अपेक्षा


मुळशी
१९ ऑगस्ट २०२५

प्रिय अपे,

उशीर झाला. तुझं पत्र आलं तेव्हा मला जरा रागच आला होता, हे कबूल करतो. मी लढ्याच्या गोष्टी लिहाव्यात आणि तू एकदम कुठल्या कुठं जावंस! इकडं हजारोंनी लोक पाचव्या पर्वाबाहेर उभे आहेत. साहिलनंसुद्धा सावलीचा सिद्धांत मागे घेतला. म्हणतो, “दादा, कावळा मीपण पाहिलाय.” आणि तू किशोरकाकांच्या दहाव्याचं विचारतेस.

पण विचारलं. विचारायला दोन आठवडे लागले, कारण विषय काढला की आबा बांधावर निघून जायचे. परवा जोराचा पाऊस होता, बाहेर जाता येईना, तेव्हा बोलले.

मला त्या दिवसातलं एवढंच आठवतं की मी चौदा वर्षांचा होतो आणि मला दर्भ आणायला पिटाळलं होतं. मी धावत जाऊन आणला, लवकर आणला म्हणून सगळ्यांनी पाठ थोपटली. त्या दर्भाचं काय केलं ते मी पाहिलं होतं. का केलं ते कधी विचारलं नाही.

आबा म्हणाले ते असं. तू सांगितलंस तसं, जसंच्या तसं लिहितो.

“किशा गेला तवा लई मानसं व्हती. वादळात त्येनं लगनाचं वऱ्हाड होडीनं दोन खेपात पैलाड न्हेलं, तिसऱ्या खेपंला ऱ्हायलेली तीन मानसं आनाया गेला. ती वाचली, ह्यो ऱ्हायला. मंग पिंड ठेवला. कावळा काय येईना. म्या म्हनलं, किशा, होडी चालू ठिवू. न्हाई आला. भाऊकीतला भैरूआप्पा म्हनला, जत्रंतला तुझा मान तसाच ठिवू. न्हाई आला. हिरीचं म्हनलो, खाचराचं म्हनलो, म्हशीचं बी म्हनलो.”

मी विचारलं, “अपेक्षाचं?”

आबा पावसाकडं बघायला लागले.

“काकूंचं? अपेचं कुणी काहीच नाही म्हणालं?”

“कुनाच्या ध्यानातच आलं न्हाई,” आबा म्हणाले. “भटजीनं इचारलं व्हतं, मागं कोन? म्या म्हनलं, मागं कुनी न्हाई.”

अपे, एक सांग. तू तिथं होतीस का? नसावीस, बायका-पोरांना नेत नाहीत. देवा, नसावीस.

आणखी एक मला उमजत नाही. तू हे विचारलंस कशाला? आबांचं ते वाक्य आणि खेळातल्या म्हातारीचं वाक्य एकच आहे. मी ती दोन्ही कागदावर शेजारी शेजारी लिहून रात्रीपासून बघत बसलोय.

इंद्रादादा


भूगाव
२४ ऑगस्ट २०२५

दादा,

ज्या लेखकाला तू आई-बाप आहेत का विचारायला सांगितलंस, तो लेखक मी आहे. आई आहे. बाप होता.

बँकांचं मी काही तपासत नाही. चांद्याला खाचरांना लागून आमची इमारत आहे, तिथं बसून ‘उदक’ लिहिते. कथा लिहिणाऱ्यानं बाहेर नाव सांगायचं नाही असा कंपनीचा नियम आहे, कारण तुझ्यासारखी माणसं दारात येतात. तुझं पत्र फलकावरून मी उडवलं नाही. ते काम दुसऱ्यांचं. पण ते उडवायच्या आधी मी दोनदा वाचलं होतं.

कप्तान म्हणजे माझे बाबा. होडीच्या टोकावर मला बसवून ते पैलतीरावरचे दिवे मोजायला लावायचे. मी सात वर्षांची असताना सातवा गाळायला लागले, ती सवय लागली ती लागलीच. होडीत बसणाऱ्या सगळ्यांना ते माहीत होतं. कुशाबाकाकांना तर होतंच. त्यांना ऊन लागलं नव्हतं, दादा.

आणि मी तिथं होते. आईला नेलं नाही, पण मामानं मला नेलं. करवंदीच्या जाळीपाशी त्याचा हात धरून उभी होते. दहा वर्षांची. काकांनी होडीचं सांगितलं, हिरीचं सांगितलं, म्हशीचं सांगितलं, ते सगळं मी ऐकलं. मला वाटलं, आता माझं म्हणतील. म्हशीनंतर तरी. मग मला वाटलं, यांना आठवत नाहीये तर आपणच सांगू. बाबांना मला एक सांगायचंही होतं. मी एक पाऊल पुढं टाकलं, तोंड उघडलं, तर मामानं तोंडावर हात ठेवला. “गप. पोरींनी बोलायचं नसतं तिथं.” नंतर तुझ्या दर्भाचा कावळा आला.

चौथं पर्व लिहून झाल्यावर कप्तानाच्या मागे कोण, हे पाचव्यात कुणीतरी सांगायला हवं होतं. मी लिहायला बसले आणि लक्षात आलं की या जागेवरचं मला एकच वाक्य येतं. ऐकलेलं एकच. ते लिहिलं. आमच्याकडे शैलेश म्हणून आहे, सगळी पर्वं एकमेकांशी जुळतात की नाही ते बघणं हे त्याचं काम. त्यानं खूण केली: “चूक. पहिल्या पर्वात मुलगी आहे.” मी म्हटलं, असू दे. असं होतं. मुलगी असते आणि तरी मागे कुणीच नसतं.

मला वाटलं होतं, कुणाच्या लक्षातसुद्धा येणार नाही.

आणि मग तुमची ओरड सुरू झाली. शैलेश रोज येऊन सांगायचा, आज इतकी पत्रं, आज इतकी. मी सुन्न झाले, दादा. आनंद नाही झाला. एका न जन्मलेल्या पोरीसाठी एवढी माणसं! ती एकटी नाही म्हणून तू मुळशीच्या पाण्याकाठी ओरडलास, त्याच काठावर. कावळ्यावर माझा विश्वास नाही. पण तुझं ते पत्र वाचून मी ऑफिसच्या जिन्यात जाऊन बसले.

आता शैलेश विचारतोय, दुरुस्ती करायची का? ठिणगीला परत आणायचं का? मला आणता येत नाहीये. ती परत आली तर तिनं बापाला काहीतरी म्हणायला हवं, आणि तिचं वाक्य मला लिहिता येत नाही. माझं तोंडातच राहिलं, तर तिच्या तोंडी कुठून घालू?

तू लढा थांबवू नकोस. तू बरोबरच होतास. फक्त तुझा पत्ता चुकला.

अपेक्षा


मुळशी
९ सप्टेंबर २०२५

अपे,

आयुष्यात पहिल्यांदा मला शब्द सापडत नाहीत. हे पत्र चार वेळा लिहून फाडलं. जगभरच्या अन्यायांवर मी व्यासपीठं गाजवली. आणि माझ्या घरातून भूगावला गेलेल्या एका मुलीला मी दर दिवाळीला “काय म्हणतेस, बरी आहेस ना” एवढंच विचारत आलो. माझं वक्तृत्व चुलीत जावो.

तुझं पत्र मी आबांना वाचून दाखवलं. पूर्ण. जाळीपाशी पोचलो तेव्हा त्यांनी डोळे मिटले. मामाच्या हाताशी पोचलो तेव्हा म्हणाले, “थांब.” मग म्हणाले, “वाच.”

संपल्यावर त्यांनी जे सांगितलं ते मलाही माहीत नव्हतं. सर्वपित्रीला दरवर्षी आम्ही परसात पितरांची पानं ठेवतो. आजोबांचं, आजीचं पान कावळे लगेच संपवतात. “किशाचं पान आजपत्तुर शिवलेलं न्हाई,” आबा म्हणाले. “दुपारपत्तुर तसंच पडून ऱ्हातंय. कुनाला कळाय नको म्हनून म्या गुपचीप उचलतो न् गाईला घालतो.” दरवर्षी, अपे. आणि कुणाला बोलले नाहीत.

मग उठून थेट भाऊकीच्या बैठकीला गेले. मी मागोमाग. म्हणाले, “यंदा किशाचं पान त्येची पोरगी ठिवनार. परसात न्हाई. धरनाच्या पान्याकडंला, दहाव्याच्या जागंला.” भैरूआप्पा उसळले, “कुशाबा, येडा झाला का? बाईमानूस पान ठिवतंय व्हय? गावात हसं हुईल!” दोघेतिघे त्यांच्या बाजूनं ओरडले. आबा म्हणाले, “हसू दे. म्हशीचं बोललो तवा कुनी हसलं न्हाई.”

भैरूआप्पांनी बजावलंय, आम्हीही तिथं येऊ, बघू कोण ठेवतंय पान.

आबांचा तुला निरोप: “तिला म्हनावं, ये. मी मागं हुबा ऱ्हातो.”

येशील का? रविवार, २१ तारीख. तू नाही म्हणालीस तरी मी समजेन. हो म्हणालीस तर एक परवानगी दे. ठिणगीसाठी जी माणसं ओरडली त्यांना मी बोलावू का? लेखक कोण हे मरेपर्यंत कुणाला सांगणार नाही.

इंद्रा


भूगाव
१२ सप्टेंबर २०२५

दादा,

काकांचं ते पानाचं मी आईला वाचून दाखवलं. मग आई म्हणाली, “मी खीर करून आणते. त्यांना वेलदोडा जास्त लागायचा.”

येते.

तुझ्या माणसांना बोलाव. भैरूआप्पांसमोर मला एकटीला उभं राहायचं नाही. पण माझी एक अट आहे आणि ती तुला जड जाणार आहे. भाषण नाही. तूही नाही, कुणीच नाही. माझ्यासाठी कुणी शब्द द्यायचा नाही, घोषणा द्यायची नाही, “ती एकटी नाही” असंही ओरडायचं नाही. मला कुणी सांभाळायला नकोय, ते वय गेलं.

माझं एक वाक्य राहिलंय. तेवढं मला बोलू द्या.

कावळा नाही आला तरी चालेल. दर्भ आणायला मात्र धावू नकोस.

अपेक्षा


मुळशी
१५ सप्टेंबर २०२५

‘उदक’ खेळणाऱ्या माझ्या भावांनो, बहिणींनो, आणि आमच्या भाऊकीतल्या वडीलधाऱ्यांनो,

आपण सगळे चिडलेलो आहोत. तुम्ही खेळाडू, कारण एका बापाची मुलगी कथेतून पुसली. तुम्ही वडीलधारे, कारण आबांनी रीत मोडली असं तुम्हाला वाटतं. हा राग पेटवण्यात माझा हात मोठा आहे.

खेळाडूंना आधी सांगतो. ठिणगी परत करा ही माझी मागणी मी मागे घेतोय. कारण विचारू नका. साहिल, तूही विचारू नकोस. ज्यानं तिला लिहिलं, तिला परत आणायचं की नाही हा त्याचा अधिकार आहे. पाचव्या पर्वात जायचं त्यानं खुशाल जावं.

आता दुसरी गोष्ट. आपण म्हणत होतो की कथेत आधी एक आणि नंतर दुसरं, हे खपवून घेणार नाही. मग ऐका. या मुळशीत किशोर नावाचा होडीवाला होता. वादळात त्यानं वऱ्हाड वाचवलं आणि तिसऱ्या खेपेला बुडाला. कप्तान तुम्हाला माहीत आहे. हा माझा काका. त्याच्या होडीच्या टोकावर बसणारी मुलगी सगळ्या गावानं पाहिली होती. आणि त्याच्या दहाव्याला, पिंडासमोर, माझ्याच घरातल्या माणसांनी सांगितलं, मागे कुणी नाही. ती मुलगी दहा पावलांवर उभी होती. तिनं तोंड उघडलं तर त्यावर हात ठेवला गेला. हे आमच्या आबांनी स्वतः भर बैठकीत सांगितलं आणि मला लिहायला परवानगी दिली.

तिचं नाव अपेक्षा. ती आहे. जिवंत आहे, भूगावात राहते, चुलतभावाच्या टकलावर विनोद करते.

येत्या रविवारी, सर्वपित्री अमावास्येला, सकाळी नऊ वाजता, धरणाच्या पाण्याकाठी उंबरासमोर ती बापाचं पान ठेवणार आहे. भैरूआप्पा, तुम्हीही या. तुम्ही किशोरकाकाला जत्रेतल्या मानाचा शब्द दिला होता आणि तो पाळलाही, हे मला ठाऊक आहे. म्हणूनच हात जोडून बोलावतो.

ठिणगीसाठी जे जे ओरडले त्या प्रत्येकाला मी रविवारी तिथं मागतोय. भूगावातून या, चांद्यातून या, पावसात भिजत या. फलक नको, घोषणा नको, फोन वर धरायचा नाही. मीही बोलणार नाही, आणि मी बोलणार नाही म्हणजे काय हे मला ओळखणाऱ्यांना कळेल.

तुमच्याकडून एकच हवं. ती पान ठेवून तोंड उघडेल, तेव्हा तिथं हजर असा आणि गप्प राहा.

इंद्रजित